समजून घ्या : विमान टेकता टेकता पुन्हा वर का जाते? घाईच्या लँडिंगवरून वैमानिकांमध्ये वाद कशाचा?

विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगर किंवा टागोर नगरच्या गच्चीवरून दक्षिणेकडे पाहिले, तर बहुतेक दिवस एकच दृश्य दिसते. ठाणे खाडीच्या बाजूने विमानांची रांग लागलेली असते आणि गर्दीच्या वेळी दर दोन-तीन मिनिटांनी एक विमान घाटकोपरवरून विमानतळाकडे उतरत जाते. कधीतरी मात्र एखादे विमान उतरायचे सोडून मोठा आवाज करत पुन्हा वर चढते. खाली उभ्या माणसाला वाटते, काहीतरी बिघडले. आतल्या प्रवाशांच्या पोटात गोळा येतो. थोड्याच वेळात ‘थोडक्यात अनर्थ टळला’ असा मेसेज फिरू लागतो.

बहुतेक वेळा परिस्थिती उलटी असते. उतरण्याची घडी नीट बसलेली नाही, हे वैमानिकाने वेळेत ओळखले आणि नियमाप्रमाणे पुन्हा फेरी घ्यायचे ठरवले, एवढाच त्याचा अर्थ असतो. याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. काळजी करावी अशी विमाने वेगळी असतात. घडी बसलेली नसतानाही जी उतरतात, ती.

अशा उतरण्याला विमान वाहतुकीत ‘अनस्टॅबिलाइज्ड ॲप्रोच’, म्हणजे अस्थिर उतरण, असे नाव आहे. ते किती धोक्याचे, नियम किती कडक हवा आणि तो पाळला का जात नाही, यावर जगभरातील वैमानिकांमध्ये अनेक वर्षे वाद आहे. भारतासाठी हा वाद पुस्तकी नाही. मंगळुरू (२०१०) आणि कोझिकोड (२०२०) या दोन अपघातांत मिळून १७९ जणांचा जीव गेला आणि दोन्ही चौकशी अहवालांत मुख्य कारण म्हणून हाच शब्द आहे.

‘स्थिर’ उतरण म्हणजे काय?

प्रवासी विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून धावपट्टीकडे येते. हा उतार बराच सौम्य असतो. धावपट्टीपासून प्रत्येक सागरी मैलाला (सुमारे १.८५ किलोमीटर) विमान अंदाजे ३०० फूट खाली येते. ठरलेल्या उंचीवर पोहोचेपर्यंत पुढच्या सगळ्या गोष्टी जागेवर असल्या, तर उतरण स्थिर मानली जाते :

• विमान धावपट्टीच्या सरळ रेषेत आणि योग्य उतारावर आहे.
• चाके बाहेर आली आहेत, पंखांचे फ्लॅप उतरण्याच्या स्थितीत आहेत.
• वेग ठरलेल्या वेगापेक्षा कमी नाही आणि २० नॉटपेक्षा जास्त वाढलेला नाही.
• खाली येण्याचा वेग मिनिटाला १,००० फुटांपेक्षा जास्त नाही.
• इंजिने अगदी मंद न ठेवता योग्य शक्तीवर चालू आहेत.
• उतरण्यापूर्वीची चेकलिस्ट पूर्ण झाली आहे.

फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या आंतरराष्ट्रीय संस्थेने हे निकष मांडले. थोड्याफार फरकाने ते बहुतेक विमान कंपन्यांच्या नियमपुस्तिकेत आले. ढग-पावसात, म्हणजे उपकरणांच्या आधारे उतरताना, हे सारे १,००० फुटांवर जुळलेले हवे. स्वच्छ हवेत ५०० फुटांपर्यंत मुभा असते. अनेक कंपन्या हवा कशीही असली तरी १,००० फुटांचाच नियम लावतात. या उंचीला वैमानिक ‘गेट’ म्हणतात. गेटवर एक जरी गोष्ट जुळलेली नसेल, तर उतरणे सोडून द्यायचे.

विक्रोळीच्या आसपास हे गेट कुठे येते?

मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे ३.४ किलोमीटर लांब आहे. पूर्वेकडून येणारी विमाने जिथे टेकतात, त्या बाजूला तिचा क्रमांक २७ आहे. तीन अंशांचा उतार धरून साधा हिशेब केला, तर १,००० फुटांची उंची धावपट्टीपासून सुमारे साडेपाच किलोमीटरवर येते. म्हणजे विमान पूर्व द्रुतगती महामार्गावर पोहोचण्याआधी, विक्रोळी-घाटकोपरच्या पूर्वेकडच्या खारफुटीच्या पट्ट्यावर. ५०० फुटांची उंची येते साधारण घाटकोपर स्टेशनच्या आसपास.

१४० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाने, पहिल्या गेटपासून धावपट्टीपर्यंतचे अंतर कापायला अंदाजे ८० सेकंद लागतात. ५०० फुटांवरून पाहिले तर जेमतेम ४० सेकंद. एलबीएस मार्गावर सिग्नल सुटायला याहून जास्त वेळ लागतो. या वेळात वेग, उंची, वारा आणि धावपट्टी यांच्याकडे लक्ष द्यायचे असते. आधीची राहिलेली कामे उरकायला यात जागा नसते. ती उरलीच नसावीत, यासाठी गेट.

मग घाई येते कुठून?

पहिले कारण, गर्दी. मुंबईत दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते आणि तिच्यावर दिवसाला ९०० हून अधिक विमाने उतरतात व उडतात. इतक्या दाटीत मागच्या-पुढच्या विमानांतील अंतर राखण्यासाठी हवाई वाहतूक नियंत्रक (एटीसी) वेगाच्या सूचना देतात. जगातल्या अनेक गर्दीच्या विमानतळांवर ‘चार मैलांपर्यंत १६० नॉट ठेवा’ अशी सूचना नेहमीची आहे. १,००० फुटांचे गेट तीन मैलांवर असते. म्हणजे १६० वरून १४० वर येणे, शेवटचे फ्लॅप काढणे आणि चेकलिस्ट वाचणे, हे सारे एका मैलात, सुमारे २५ सेकंदांत बसवायचे. सरावाने ते जमते. पण मागून वारा असेल किंवा एखादा फ्लॅप उशिरा काढला गेला, तर गेट अस्थिर अवस्थेतच ओलांडले जाते.

दुसरे कारण, शॉर्टकट. समोर विमान नसेल तर एटीसी कधी लांबचा वळसा टाळून थेट धावपट्टीकडे वळायची परवानगी देते. वेळ आणि इंधन वाचते, म्हणून वैमानिक ती आनंदाने घेतात. पण अंतर कमी झाले की उंची आणि वेग दोन्ही कमी करायला लागणारी जागाही कमी होते. आजची जेट विमाने हवेत इतकी सहज घरंगळतात की, एकाच वेळी खाली येणे आणि वेग कमी करणे त्यांना अवघड जाते. खाली लवकर यावे तर वेग वाढतो, वेग कमी करावा तर उंची उरते.

तिसरे कारण माणसाचे. रात्रीची ड्युटी, दमणूक, पुढचे उड्डाण गाठायची ओढ, घर जवळ आल्याची भावना. यातले कोणतेही एक कारण अपघात घडवायला पुरेसे नसते. दोन-तीन एकत्र आली की मात्र ‘जमेल’ हा शब्द मनात येतो.

थोडा वेग, थोडी उंची जास्त झाली तर काय बिघडते?

विमान थांबवताना ब्रेकना जी ऊर्जा जिरवावी लागते, ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १४० ऐवजी १५५ नॉटला विमान टेकले, तर वेग ११ टक्क्यांनी जास्त असतो, पण ऊर्जा जवळपास २३ टक्क्यांनी. त्यात जास्त वेगातले विमान लगेच टेकत नाही, ते धावपट्टीवर तरंगत राहते. १४० नॉटला एका सेकंदात ७२ मीटर मागे पडतात. दहा सेकंद तरंगले की ७०० मीटरहून अधिक धावपट्टी संपलेली असते. धावपट्टी पावसाने भिजलेली असेल, तर उरलेल्या भागात ब्रेकही कमी पकडतात.

उंच राहिलेल्या विमानाची अडचण वेगळी. ते खाली आणण्यासाठी इंजिने अगदी मंद केली जातात. जेट इंजिन मंद अवस्थेतून पूर्ण शक्तीवर यायला पाच ते आठ सेकंद घेते. विमान मिनिटाला १,५०० फुटांनी खाली येत असेल, तर आठ सेकंदांत २०० फूट जातात. ‘वाटले तर शेवटी वर घेऊ’ हा हिशेब इथे चुकतो. निर्णय जितका उशिरा, तितकी तो अमलात आणण्याची ताकद कमी.

मंगळुरूत काय झाले होते?

२२ मे २०१०. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ मंगळुरूच्या टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या, धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. विमानातल्या १६६ जणांपैकी १५८ जण मरण पावले, आठ जण वाचले. चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष हवाई दलाचे माजी उपप्रमुख, निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले होते.

अहवालातला घटनाक्रम घाईच्या उतरणीचा धडा आहे. मुख्य वैमानिक प्रवासातला सुमारे एक तास ४० मिनिटांचा काळ झोपलेले होते आणि झोपेतून उठल्यानंतरची सुस्ती त्यांच्या निर्णयांवर दिसते, असे अहवाल सांगतो. मंगळुरूचे रडार बंद असल्याने विमानाला खाली येण्याची सुरुवात नेहमीपेक्षा उशिरा करावी लागली. शेवटच्या टप्प्यात ते अपेक्षित उंचीच्या जवळपास दुप्पट उंचीवर होते. ते धावपट्टीकडे आणण्यासाठी खाली येण्याचा वेग मिनिटाला सुमारे ४,००० फुटांपर्यंत गेला. धावपट्टीच्या तोंडाशी ५० फूट उंची आणि १४४ नॉट वेग हवा होता. प्रत्यक्षात उंची सुमारे २०० फूट आणि वेग १६० नॉटपेक्षा जास्त होता.

सह-वैमानिकाने तीन वेळा ‘गो अराउंड’ म्हटले. यंत्रणेचे इशारेही वाजत होते. तरी विमान उतरवले गेले. ते टेकले तेव्हा सुमारे ५,२०० फूट धावपट्टी मागे पडली होती आणि २,८०० फूट उरली होती. त्यानंतर ब्रेक आणि रिव्हर्स थ्रस्ट लावल्यावर पुन्हा उडण्याचा प्रयत्न झाला. तो करण्याऐवजी पूर्ण ब्रेक लावले असते, तर विमान पक्क्या भागात थांबू शकले असते, असे अहवालाने नोंदवले. अस्थिर उतरण सोडून न देणे, हे अपघाताचे थेट कारण ठरले. सह-वैमानिकाने सूत्रे हाती का घेतली नाहीत, याचे उत्तरही अहवालात आहे : त्याला तसा अधिकार देणाऱ्या सूचनांमध्ये स्पष्टता नव्हती.

दहा वर्षांनी कोझिकोडमध्ये तेच का घडले?

७ ऑगस्ट २०२०. करोनाकाळातल्या ‘वंदे भारत’ मोहिमेतले विमान १९० जणांना घेऊन दुबईहून कोझिकोडला आले. कंपनी तीच, विमानाचा प्रकार तोच, धावपट्टीही टेबलटॉप. मुख्य वैमानिक होते निवृत्त विंग कमांडर दीपक साठे. मूळ नागपूरच्या कुटुंबातले, मुंबईत राहणारे, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून हवाई दलात गेलेले आणि चाचणी वैमानिक म्हणून काम केलेले. अनुभव आणि कौशल्य याबद्दल शंका घ्यावी असे काही नव्हते. अपघातानंतर विक्रोळीच्या टागोर नगर स्मशानभूमीत त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले, तेव्हा या भागातल्या अनेकांनी ती बातमी आपल्या घरची म्हणून वाचली होती.

त्या संध्याकाळी जोराचा पाऊस होता. पहिल्या प्रयत्नात धावपट्टी न दिसल्याने त्यांनी नियमाप्रमाणे गो-अराउंड केले. मुख्य वैमानिकाच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. दुसरा प्रयत्न विरुद्ध बाजूने झाला आणि त्या बाजूला वारा पाठीमागून होता. शेवटच्या टप्प्यात खाली येण्याचा वेग मिनिटाला १,५०० फुटांपर्यंत गेला, म्हणजे हव्या त्या वेगाच्या दुप्पट. पुढे विमान धावपट्टीवर तरंगत राहिले. २,७०० मीटरच्या धावपट्टीवर ते १,३५३ मीटरवर, म्हणजे निम्म्यावर टेकले. हवेच्या तुलनेत वेग १५० नॉट होता, पण पाठीमागच्या वाऱ्यामुळे जमिनीवरचा वेग १६५ नॉट. या एका फरकाने थांबवायची ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते.

सह-वैमानिक अखिलेश कुमार यांनी आधी सावध केले, नंतर ‘कॅप्टन’ अशी हाक दिली आणि टेकण्याच्या जरा आधी ‘गो अराउंड’ म्हटले. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला.

विमान अपघात अन्वेषण विभागाचा (एएआयबी) अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला. अस्थिर उतरण चालू ठेवणे, ‘गो अराउंड’ सांगूनही धावपट्टीच्या पुढच्या भागात उतरणे आणि सह-वैमानिकाने सूत्रे हाती न घेणे, हे संभाव्य कारण म्हणून त्यात नोंदले गेले. त्याचबरोबर व्यवस्थेतील त्रुटींचाही वाटा अहवालाने मान्य केला. कोझिकोडमध्ये कॅप्टन अपुरे होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाणही त्यांनाच न्यायचे होते, ही त्यातलीच एक नोंद. अशा चौकशीचा हेतू दोषी शोधणे हा नसतो, पुढचा अपघात टाळणे हा असतो. त्या दृष्टीने पाहिले तर सर्वांत अस्वस्थ करणारी बाब अशी की, दहा वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन अहवालांतली वाक्ये जवळपास सारखी आहेत.

हे फक्त भारतातच होते का?

नाही. मंगळुरूच्या बरोबर दहा वर्षांनी, २२ मे २०२० रोजी पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० कराचीत कोसळले. धावपट्टीपासून १५ मैलांवर ते सुमारे ३,००० फुटांवर हवे होते, प्रत्यक्षात ९,७८० फुटांवर होते. नियंत्रकाने उतरण सोडून वळण्यास सांगितले, तरी वैमानिकांनी ती चालू ठेवली. गडबडीत चाके बाहेर नसतानाच विमान धावपट्टीवर इंजिनांवर घासले, पुन्हा उडाले आणि दोन्ही इंजिने बंद पडून वस्तीत पडले. विमानातल्या ९९ पैकी ९७ जण आणि जमिनीवरची एक व्यक्ती मरण पावली.

उतरण्याच्या मार्गाखाली दाट वस्ती असणे म्हणजे काय, हे मुंबईच्या पूर्व उपनगरांना वेगळे सांगायला नको. २८ जून २०१८ ला घाटकोपरमध्ये छोटे विमान कोसळून पाच जणांचा जीव गेला, त्यात एक पादचारी होता. ते चाचणी उड्डाण होते आणि प्रकरण वेगळे होते, पण जागा याच मार्गाखालची होती.

वैमानिकांचा वाद नेमका कशावर आहे?

अस्थिर उतरण वाईट, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो नियमावर. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासानुसार साधारण ३.५ ते ४ टक्के उतरणी अस्थिर असतात. त्यातल्या सुमारे ९७ टक्के तशाच पुढे नेऊन विमान उतरवले जाते. नियम स्पष्ट असताना शंभरातले ९७ वेळा तो पाळला जात नसेल, तर चूक वैमानिकांची की नियमाची?

एका बाजूचे म्हणणे असे : १,००० फुटांचे गेट स्वच्छ हवेत, लांब आणि कोरड्या धावपट्टीवर वाजवीपेक्षा कडक आहे. वेग पाच नॉटने जास्त आहे, पण कमी होत चालला आहे, आणखी दहा सेकंदांत सगळे जागेवर येणार आहे. अशा वेळी गो-अराउंड करणे म्हणजे साध्या परिस्थितीला गुंतागुंतीची करणे. जो नियम व्यवहाराला सोडून असतो, त्याच्याबद्दलचा आदर संपतो. मग खरोखर गरज असते, तेव्हाही तो मोडला जातो.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे : गेट हलवता आले, तर ते गेट राहत नाही. ज्याच्या हातून परिस्थिती निसटते आहे, त्यालाच ‘अजून जमेल का’ असे विचारले तर उत्तर ‘जमेल’ असेच येणार. घाईत असलेल्या माणसाचे लक्ष एकाच गोष्टीवर खिळते आणि बाकीचे इशारे ऐकूच येत नाहीत. निर्णय आधीच घेऊन ठेवायचा आणि त्या क्षणी फक्त अमलात आणायचा, हाच गेटचा उपयोग.

या दुसऱ्या मताला मुंबईकरांच्या ओळखीचा आधार आहे. धावती लोकल पकडणारा रोज पडत नाही. शंभर वेळा जमते, म्हणून एकशे एकाव्या वेळी तो विचारही करत नाही. अस्थिर उतरणींचे तसेच. बहुतेक विमाने सुखरूप टेकतात आणि प्रत्येक सुखरूप लँडिंग ‘काही होत नाही’ हा धडा पक्का करते. पावसाळी रात्र, मागून वारा, छोटी धावपट्टी असे सगळे एकदम येते, त्या दिवशी हीच सवय कामाला लागते.

मधला मार्ग आहे का?

फाउंडेशनने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात टप्प्यांची कल्पना मांडली. १,००० फुटांवर विमान योग्य रेषेत, उतारावर आणि उतरण्याच्या तयारीत असावे. ५०० फुटांवर सर्व निकष जुळावेत. ३०० फूट ही शेवटची मर्यादा, त्याखाली कोणतीही सवलत नाही. वरच्या टप्प्यांवर दोघा वैमानिकांनी काय जुळले, काय राहिले हे मोठ्याने बोलायचे, म्हणजे शेवटच्या मर्यादेपर्यंत दोघांनाही खरे चित्र माहीत असते.

टीकाकार म्हणतात, मर्यादा खाली आणली की सवयही खाली सरकेल. आज १,००० चे ७०० होतात, उद्या ३०० चे १०० होतील. समर्थक म्हणतात, पाळला जाणारा ३०० फुटांचा नियम न पाळल्या जाणाऱ्या १,००० पेक्षा बरा. सर्व कंपन्यांनी एकच पद्धत स्वीकारलेली नाही आणि अनेकांनी जुने १,००० फुटांचे गेट कायम ठेवले आहे.

गो-अराउंड पूर्णपणे सुरक्षित असते का?

इथे पहिल्या गटाच्या म्हणण्यात तथ्य आहे. गो-अराउंड दुर्मीळ असते, साधारण हजार उतरणींमागे एक ते तीन. त्यामुळे सिम्युलेटरबाहेर त्याचा सराव कमी होतो. बटण दाबताच इंजिने पूर्ण शक्तीवर जातात, नाक वर येते, फ्लॅप आणि चाके क्रमाने आत घ्यावी लागतात, त्याच वेळी एटीसीचा नवा मार्ग पाळायचा असतो. अंधारात अचानक वेग वाढला की नाक फारच वर गेल्याचा भास होतो आणि वैमानिक ते खाली दाबू शकतो. रशियात कझान (२०१३) आणि रोस्तोव्ह (२०१६) येथे गो-अराउंडच्या वेळीच विमानावरचा ताबा सुटला आणि अनुक्रमे ५० व ६२ जण मरण पावले.

पण यातून निघणारा निष्कर्ष ‘म्हणून उतरा’ हा नाही. गो-अराउंडचा सराव वाढवा आणि तो लवकर, हातात उंची असताना घ्या, हा आहे. १,००० फुटांवरचे गो-अराउंड शांतपणे करता येते. १० फुटांवरचे कठीण असते. रिव्हर्स थ्रस्ट लावल्यानंतर तर ते करायचेच नसते.

दुसऱ्या वैमानिकाचे ऐकले का जात नाही?

मंगळुरू आणि कोझिकोड दोन्हीकडे कॉकपिटमध्ये एका माणसाला धोका कळला होता आणि त्याने तो बोलूनही दाखवला होता. म्हणजे गेट किती फुटांवर असावे, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे की ‘गो अराउंड’ हे शब्द सूचना समजायचे की आदेश.

आपल्याकडे वय, हुद्दा आणि अनुभव यांचा मान ठेवणे अंगवळणी पडलेले असते. समोरचा कॅप्टन हजारो तास उडालेला, हवाई दलातून आलेला असेल तर तरुण सह-वैमानिक ‘सर, जरा बघता का’ अशा मऊ भाषेत बोलतो. ऐंशी सेकंदांच्या खिडकीत या अदबीला वेळ नसतो. म्हणून प्रशिक्षणात ठरावीक शब्द शिकवले जातात. दोघांपैकी कोणीही ‘गो अराउंड’ म्हटले की चर्चा न करता वर जायचे, कारण नंतर जमिनीवर बोलायचे. उत्तर आले नाही, तर दुसऱ्याने सूत्रे हाती घ्यायची.

कागदावर हे आले आहे. प्रश्न आहे तो कॉकपिटमध्ये ते वापरल्यावर पुढे काय होते याचा. गो-अराउंड केल्याबद्दल शिक्षा नाही, असे कंपन्यांचे धोरण असते. पण उशिराचा हिशेब, इंधनाचा खर्च, सहकाऱ्यांच्या शेरेबाजीची भीती हे नियमपुस्तिकेत लिहिलेले नसले तरी असते. आणि ज्या सह-वैमानिकाने कॅप्टनला थांबवले, त्याला त्याच कॅप्टनबरोबर पुढच्या आठवड्यात पुन्हा उडायचे असते.

यंत्रे मदत करू शकतात का?

काही प्रमाणात. नव्या विमानांत वेग जास्त आहे, उंची जास्त आहे, उरलेल्या धावपट्टीत विमान थांबणार नाही, असे इशारे देणाऱ्या यंत्रणा मिळतात. प्रत्येक उड्डाणाच्या नोंदी कंपन्या तपासतात, त्यामुळे अस्थिर उतरण कोणाला कळलीच नाही, असे आता सहसा होत नाही. या नोंदींचा वापर शिक्षेसाठी केला तर वैमानिक त्या टाळायला शिकतील. एकाच विमानतळावर, एकाच वाऱ्यात, एकाच एटीसी सूचनेनंतर वारंवार अस्थिर उतरणी दिसल्या, तर दोष व्यक्तीत नसून पद्धतीत आहे, हे त्याच नोंदी सांगतात. एटीसीलाही त्या दाखवायला हव्यात. आणि वैमानिकाने ‘एवढ्या वेगात जमणार नाही’ असे नियंत्रकाला सांगणे, हा त्याचा हक्क आहे.

मंगळुरूच्या इशाऱ्यांनी मात्र यंत्राची मर्यादा दाखवली आहे. ते वाजत होते. ऐकून कृती करायला माणूसच लागतो.

मग प्रवाशांनी काय लक्षात ठेवायचे?

• विमान टेकायच्या आधी पुन्हा वर गेले, तर घाबरू नका. हे ठरलेल्या पद्धतीतले आहे. पुन्हा रांगेत लागून उतरायला साधारण पाव तास किंवा थोडा जास्त वेळ लागू शकतो.
• इंधन संपेल का, ही शंका स्वाभाविक आहे. पण पुन्हा प्रयत्न करणे, पर्यायी विमानतळ गाठणे आणि वर अर्ध्या तासाचा राखीव साठा, हे धरूनच इंधन भरलेले असते.
• विमान दुसऱ्या शहरात वळवले तर गैरसोय होते, ती खरी आहे. पण पावसात दोनदा प्रयत्न करून वळणारा वैमानिक घाबरट नसतो.
• उतरताना मोबाइल, चार्जर, बॅग यासाठी उठू नका. गो-अराउंडमध्ये विमान अचानक झुकते आणि वर चढते.
• खाली उतरल्यावर कर्मचाऱ्यांशी भांडण्यापेक्षा ‘धन्यवाद’ म्हणा. वर जाण्याचा निर्णय कौतुकाने पाहिला गेला, तर पुढच्या वेळी तो घेणे सोपे होते.

गेट १,००० फुटांवर ठेवायचे की ३०० वर, हा वाद वैमानिक आणि नियामक सोडवतील. त्यासाठी आकडे आणि अनुभव दोन्ही त्यांच्याकडे आहेत. पण गेट कुठेही असो, तिथे ‘नाही, वर जाऊ’ म्हणणाऱ्याचा शब्द अंतिम असायला हवा, मग तो कॅप्टन असो की कालच रुजू झालेला सह-वैमानिक. मंगळुरूत तो शब्द तीन वेळा उच्चारला गेला, कोझिकोडमध्ये एकदा. दोन्ही वेळा विमान खालीच गेले.